लॅपटॉप प्लास्टिकचा घ्यावा की मेटलचा? घेताना-वापरताना या चुका टाळा

गेल्या आठवड्यात नाशिकच्या पंचवटीतले एक काका लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. टॉवेल सोडला तर झाकणाचा डावा कोपरा उचकटलेला आणि आतली वायर बाहेर डोकावतेय. "ताई, पोराला तेव्हाच म्हटलं होतं, मेटलचा घे. प्लास्टिक ते शेवटी प्लास्टिकच."

मी खालचं कव्हर काढलं. हिंजचे, म्हणजे झाकणाच्या बिजागरीचे, स्क्रू जागच्या जागी घट्ट होते. ते ज्यात बसतात ते ज्वारीच्या दाण्याएवढे पितळी नटही धड होते. फक्त त्या नटांना धरून ठेवणारं प्लास्टिक मुळासकट उपटून आलं होतं, दात पडावा तसं. मग हिंज सुटी करून बोटांनी वळवून पाहिली. हलेना. पक्कड लावावी लागली. तेव्हा काकांना दाखवलं, की प्लास्टिक तुटलं हे खरं, पण ते तोडलं या जाम झालेल्या हिंजने. झाकण उघडताना लावलेला जोर हिंज वळण्यात जायचा सोडून दरवेळी त्या तीन नटांवर जात होता. नटांनी सोसलं तेवढं सोसलं आणि एक दिवस ते सुटले.

दुरुस्तीच्या टेबलावर रोज बसते म्हणून सांगते, बॉडी कशाची आहे हे विचारणं चूक नाही. पण ती कुठे कशाची आहे, हिंज कशात बसवली आहे आणि लॅपटॉप दिवसभर कुठून कुठे फिरणार आहे, हे तीन प्रश्न त्याच्या आधी यायला हवेत. ते न विचारता घेतलेला साठ हजारांचा मेटल लॅपटॉपही माझ्याकडे येतो आणि नीट वापरलेला पस्तीस हजारांचा प्लास्टिकवाला आठ वर्षांनी फक्त बॅटरी बदलायला येतो.

"मेटल बॉडी" म्हणजे सगळी मेटल, असं धरून चालणं

दुरुस्तीवाले लॅपटॉपच्या बाहेरच्या अंगाचे चार भाग मोजतात. झाकणाची पाठ म्हणजे ए पॅनेल, स्क्रीनभोवतीची चौकट म्हणजे बी, कीबोर्ड आणि तळहात टेकतो तो भाग सी, आणि तळाचं कव्हर डी. जाहिरातीतलं "मेटल" पुष्कळदा फक्त ए पॅनेलपुरतं असतं. बाकी तिन्ही प्लास्टिक, त्यावर चंदेरी रंग. रंग इतका हुबेहूब असतो की दुकानाच्या पांढऱ्या लाइटखाली कळत नाही.

हिंजचं एक पान झाकणात असतं, दुसरं सी पॅनेलच्या पोटात. म्हणजे वरची पाठ अ‍ॅल्युमिनियमची असली आणि सी पॅनेल प्लास्टिकचं असलं, तर काकांच्या लॅपटॉपचं झालं तेच याचंही होऊ शकतं. म्हणून दुकानात "मेटल आहे का?" असं न विचारता "सी पॅनेल कशाचं आहे?" असं विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर कंपनीच्या वेबसाइटवर त्या नेमक्या मॉडेलची स्पेसिफिकेशन शीट काढा. बऱ्याच कंपन्या त्यात वरचा भाग अ‍ॅल्युमिनियम, खालचा पीसी-एबीएस असं वेगवेगळं लिहितात. पीसी-एबीएस म्हणजे पॉलीकार्बोनेट आणि एबीएस यांचं मिश्रण, लॅपटॉपच्या प्लास्टिकमध्ये नेहमी सापडणारं. त्यात पॉलीकार्बोनेट धक्का सोसायचं काम करतं.

काही जण खिशातून लोहचुंबक काढून लावून बघतात. चिकटला नाही म्हणून "हे प्लास्टिकच" असा निकाल देतात. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, मॅग्नेशियमलाही नाही, आणि लॅपटॉपच्या मेटल बॉड्या मुख्यतः याच दोन्हींच्या मिश्रधातूंच्या असतात. उलट झाकण मिटल्याचं ओळखायला त्यात छोटे चुंबक बसवलेले असतात, त्यामुळे प्लास्टिकच्या झाकणालाही एखाद्या कोपऱ्यात चुंबक ओढल्यासारखा वाटतो. बंद असलेल्या लॅपटॉपवर तळहात टेकून बघणं जास्त खात्रीचं. मेटल लगेच गार लागतं, प्लास्टिक लागत नाही. आपल्याकडे जानेवारीच्या सकाळी, निफाडकडून गारठा उतरतो तेव्हा, तर एका बोटानेही फरक कळतो.

झाकण कोपऱ्यातून उचलणं

टेबलावर येणाऱ्या तुटलेल्या हिंजांमागे मला दिसलेली सगळ्यात मोठी सवय ही. एका हातात चहा, दुसऱ्या हाताने झाकणाचा उजवा कोपरा धरून वर. एका कोपऱ्यातून उचललं की झाकण पिळवटतं आणि एका बाजूच्या हिंजवर जास्त ताण येतो. प्लास्टिकच्या झाकणात हा पीळ डोळ्यांना दिसतो. मेटलच्या पातळ झाकणात दिसत नाही, पण आतल्या स्क्रीनच्या काचेला तो जाणवतोच. झाकण मधोमध धरून उचला, एवढंच करायचं आहे.

हिंज बिघडायच्या आधी इशारा देते. उघडताना "कट" असा बारीक आवाज येतो. बी पॅनेलची चौकट खालच्या कोपऱ्यात नखाएवढी सुटते. किंवा झाकण उघडलं की मागच्या बाजूला डी आणि सी पॅनेलमध्ये फट पडते आणि बंद केलं की मिटते. यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी झाकण उघडं ठेवून काम आटोपा, बॅकअप घ्या आणि दुरुस्तीला न्या. या टप्प्यावर हिंजचा नट थोडा सैल करणं, वंगण देणं, एखादा पितळी नट पुन्हा बसवणं एवढ्यावर भागतं. आणखी महिनाभर ओढलं की पॅनेल बदलावं लागतं, वायर कापली गेली असेल तर स्क्रीनचाही खर्च येतो.

याच जागी लोक आणखी एक घोळ करतात. फट दिसली की सुपरग्लूची ट्यूब आणून पिळतात. तो गोंद पाण्यासारखा पातळ असतो. फटीतून झिरपत थेट हिंजच्या दांड्यात जातो आणि आधीच घट्ट असलेली हिंज आता दगड होते. शिवाय तो वाळल्यावर कडक पण ठिसूळ होतो, मागेपुढे होणाऱ्या ताणापुढे टिकत नाही. वाळताना निघणाऱ्या वाफेने आजूबाजूच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरी बुरशी चढल्यासारखा डाग पडतो, तो निघत नाही. प्लास्टिकचा बुंधा पुन्हा उभा करायला दोन भाग मिसळायचं इपॉक्सी लागतं. जुना चुरा साफ करून, नट सरळ रेषेत धरून, रात्रभर सुकवून ते काम होतं. काकांच्या लॅपटॉपचंही तेच केलं, पण आधी हिंज सैल केली. ती तशीच ठेवून नुसतं इपॉक्सी भरलं असतं तर दिवाळीपर्यंत काका परत आले असते.

मेटलला हात लावल्यावर मुंग्या येतात म्हणून लॅपटॉप बदलून मागणं

"ताई, नवाकोरा लॅपटॉप आहे, पण करंट मारतो." पावसाळ्यात हे वाक्य जास्त ऐकू येतं. चार्जिंग चालू असताना मनगट मेटलच्या कडेवरून सरकवलं की खरखरीत, गुदगुल्या केल्यासारखं लागतं. टेस्टर लावला तर दिवाही मंद पेटतो. माणूस घाबरणारच.

याचं कारण चार्जरमध्ये आहे. चार्जर घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचं लॅपटॉपला लागणाऱ्या कमी व्होल्टच्या डीसीमध्ये रूपांतर करतो. ते करताना रेडिओसारखा गोंगाट तयार होतो, तो दाबायला आत एक छोटा कपॅसिटर दोन्ही बाजूंना जोडलेला असतो. त्यातून अगदी किंचित करंट पलीकडे गळतो. तीन पिनचा चार्जर आणि चालू अर्थिंग असलं तर बहुतेक चार्जरांत तो जमिनीत उतरतो. अर्थिंग नसलं तर तो मेटल बॉडीपर्यंत येतो आणि तुम्ही अनवाणी ओल्या फरशीवर पाय ठेवलात की तुमच्यातून उतरतो. मल्टिमीटर लावला तर ५०-१०० व्होल्टसुद्धा दिसतात, पण करंट मिलिअँपिअरच्या अंशाएवढाच असतो. चांगल्या चार्जरच्या बाबतीत तो धोक्याचा नाही. प्लास्टिक लॅपटॉपमध्येही हीच गळती होते. फक्त हात प्लास्टिकवर असतो म्हणून कळत नाही, यूएसबीच्या पत्र्याला बोट लागलं तर तिथेही कळेल.

मग करायचं काय? आधी चार्जरची पिन बघा. तीन पिनची असेल आणि तुम्ही ती दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये घुसवली असेल तर कन्व्हर्टर काढून टाका. काही जण सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून जाडी पिन कापून टाकतात, ते तर अजिबात करू नका. मग एक्स्टेन्शन बोर्ड बघा. हे मी मुद्दाम सांगते, कारण इथे बहुतेक जण फसतात. स्वस्त बोर्डला भोकं तीन असतात, पण आतल्या केबलमध्ये तारा दोनच. अर्थिंगचं भोक नुसतं शोभेला. लॅपटॉपचा प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावून बघा. मुंग्या थांबल्या तर बोर्ड बदला. भिंतीतही येत असतील तर घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये तीन पिनचे सॉकेट नंतर बसवलेले असतात आणि मागे अर्थची तारच ओढलेली नसते, हे मी स्वतः उघडून पाहिलं आहे. तिथे लॅपटॉप बदलून काही होणार नाही. आणि अर्थिंग नसलेल्या घरात फ्रिज, गीझरही तसाच चालू असतो, त्याची काळजी लॅपटॉपपेक्षा आधी करायला हवी.

मात्र मुंग्या वेगळ्या आणि झटका वेगळा. हात मागे खेचला जाईल असा झटका बसत असेल, चार्जर डुप्लिकेट असेल, त्याची केबल सोललेली असेल किंवा त्यातून जळका वास येत असेल, तर हात न लावता आधी भिंतीवरचं बटण बंद करा. तो चार्जर पुन्हा लावू नका.

गरम लागतो म्हणजे खराब, गार लागतो म्हणजे चांगला?

अ‍ॅल्युमिनियमचे मिश्रधातू उष्णता प्लास्टिकच्या शेकडो पट जोरात वाहून नेतात. त्यामुळे आतली उष्णता मेटल बॉडीवर पसरते आणि तळहाताला लागते. दोन्ही बॉड्या ४२ अंशांवर असल्या तरी मेटल जास्त चटका देईल, कारण ती हातात उष्णता पटकन सोडते. प्लास्टिक बाहेरून कोमट लागलं म्हणून आत प्रोसेसर गार आहे असं नाही. आतली उष्णता बाहेर काढायचं मुख्य काम दोन्हींत पंखा, तांब्याची नळी आणि जाळी हेच करतात.

त्यामुळे एप्रिल-मेमध्ये, बाहेर चाळिशी गाठलेली असताना, कीबोर्डच्या वरच्या ओळीजवळ मेटल तापलं तर लगेच घाबरायचं कारण नाही. काळजी करायची ती पंखा सतत ओरडत असेल आणि साधं टायपिंगही अडखळत असेल तर. तेव्हा हवा यायची जागा बघा. नव्वद टक्के काम तिथेच असतं असं म्हणणार नाही, पण मी सुरुवात तिथूनच करते. गोधडीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवला की खालची जाळी बंद होते. मेटल असो की प्लास्टिक, गोधडीपुढे दोघांचंही काही चालत नाही. मांडीवर काम करायचंच असेल तर खाली घरातला पाट घ्या, सपाट आणि कडक. तापलेला लॅपटॉप तासन्‌तास उघड्या मांडीवर ठेवल्याने कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात, हे डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे. त्यासाठी भाजण्याइतका चटका लागावाच असं नाही.

सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये लॅपटॉप वापरणाऱ्यांनी एक जास्तीची गोष्ट पाहावी. ग्राइंडिंगचा बारीक लोखंडी बुरा पंख्याबरोबर आत जातो आणि तो वीज वाहतो. बॉडी मेटलची असली म्हणून तो अडत नाही. ग्राइंडरपासून लांब, शक्यतो केबिनमध्येच मशीन ठेवा आणि आतली सफाई इतरांपेक्षा लवकर लवकर करून घ्या.

फुगलेल्या बॅटरीला "प्लास्टिक वाकलं" समजणं

ही चूक महागात पडू शकते, म्हणून नीट वाचा. "उन्हाने तळ वाकलाय, जरा दाबून बसवून द्या," असं म्हणत लॅपटॉप येतो. टेबलावर ठेवला की डुगडुगतो, टचपॅड वर आलेला असतो किंवा क्लिक होत नाही. घरात ठेवलेल्या लॅपटॉपचं प्लास्टिक उन्हाने सहसा असं वाकत नाही. आत बॅटरी फुगलेली असते. जुन्या लिथियम बॅटरीत वायू तयार होऊन तिची पाकिटं उशीसारखी टम्म होतात. प्लास्टिकच्या बॉडीत तळ फुगलेला दिसतो. मेटलचा तळ सहज वाकत नाही, म्हणून तिथे पुष्कळदा दाब वरच्या बाजूने निघतो आणि टचपॅड किंवा कीबोर्ड वर येतो. म्हणजे मेटल लॅपटॉपचा तळ सपाट दिसला तरी टचपॅडवर लक्ष ठेवा.

दाबू नका. चिकटपट्टी लावू नका. वर पुस्तकांचा ढीग ठेवू नका, हे खरोखर करून आलेले लोक मी पाहिले आहेत. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पुन्हा चार्जिंगला लावू नका आणि तसाच दुरुस्तीला न्या. काढलेली बॅटरी घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही. कचरा दाबताना तिला भोक पडलं तर आग लागते. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या किंवा जिथे नवी बसवली तिथेच ठेवून घ्यायला सांगा.

बॅगेतल्या आणि गाडीवरच्या चुका

मेटल आहे म्हणून बॅगेत कसाही कोंबला, ही तक्रार कॉलेज रोडच्या पोरांकडून फार येते. अ‍ॅल्युमिनियमचं झाकण पातळ असतं. कारण साध्या हिशोबाचं आहे. तेवढ्याच जाडीचं अ‍ॅल्युमिनियम प्लास्टिकपेक्षा अडीच पट जड होईल, म्हणून कंपनी जाडी कमी करते. अशा झाकणावर चार्जरचा ठोकळा टेकला, वरून दप्तर आवळलं, आणि स्कूटरच्या पायापाशी ठेवून द्वारका चौकाच्या गर्दीतून खड्डे घेत नाशिकरोडला गेलं, की स्क्रीनवर पांढरा ठिपका उमटतो. तो दाबाचा ठिपका असतो, पुसून जात नाही. चार्जर वेगळ्या कप्प्यात ठेवा, बॅग पाठीवर घ्या. पंचवटी एक्स्प्रेसने अप-डाउन करणाऱ्यांनी तर बॅग वरच्या रॅकवर टाकूच नये, कल्याण येईपर्यंत तिच्यावर आणखी चार बॅगा पडलेल्या असतात.

पडल्यावर दोन्ही बॉड्या वेगवेगळ्या वागतात. प्लास्टिक वाकून परत येतं किंवा तडकतं. अ‍ॅल्युमिनियम वाकलं की तसंच राहतं. मेटलच्या कोपऱ्याला पडलेला पोचा नुसता दिसायला वाईट नसतो. तो स्क्रीनच्या कडेला आतून टोचत राहतो आणि पंधरा दिवसांनी झाकण मिटताना काच तडकते. कोपऱ्याला पोचा पडला असेल तर झाकण मिटताना दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का ते बघा. नसेल तर जोर लावून मिटवू नका.

वरून बसवायचं कडक प्लास्टिकचं कव्हर मला पटत नाही. झाकणाचं वजन वाढतं, हिंज सैल होते, मागची हवा अडते. मऊ स्लीव्ह पुरते.

पुसताना

नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोन असेल तर ते एबीएस प्लास्टिक विरघळवतं, थिनरही तसाच. मेटलवर ते बॉडीला खात नाहीत, पण कीबोर्डची अक्षरं आणि स्क्रीनभोवतीचं रबर खातात. किंचित ओलसर मऊ कापड पुरे, तेही पाणी कापडावर घेऊन, लॅपटॉपवर फवारून नाही. काही प्लास्टिक बॉड्यांना रबरासारखा मऊ लेप असतो. दमट हवेत काही वर्षांनी तो चिकट होतो, तो घासून बरा होत नाही. मेटलवर बांगड्या आणि कड्यांचे ओरखडे तळहाताच्या कडेला पडतात आणि घामाने तिथे बारीक खड्डे होतात, म्हणून काम झाल्यावर एकदा कोरडं पुसा.

मग घ्यायचा कोणता?

लॅपटॉप दुकानात बिलिंगला किंवा घरी टेबलावर राहणार असेल तर मी सरळ प्लास्टिक सांगते. वाचलेले पैसे रॅम, एसएसडी आणि वाढीव वॉरंटीवर घाला. रोज गाडीवरून कॉलेजला किंवा ट्रेनने मुंबईला जाणार असेल तर सी पॅनेल मेटलचं असलेला बघा. तेवढं बजेट नसेल तर चांगल्या हिंजचा जाड प्लास्टिकवाला घ्या. नुसतं झाकण मेटलचं असलेल्यापेक्षा मला तो बरा वाटतो. "मिलिटरी ग्रेड" लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकी लष्कराचं चाचण्यांचं मानक आहे. त्यात पुष्कळ चाचण्या आहेत आणि त्यातल्या कोणत्या करायच्या हे कंपनी ठरवते. कोणत्या केल्या ते लिहिलंय का तेवढं बघा.

जुना लॅपटॉप घ्यायला एम.जी. रोडवर गेलात तर चालू करून दाखवा म्हणायच्या आधी तो बंदच हातात घ्या. कान जवळ नेऊन झाकण तीनदा सावकाश उघडा-मिटा. तळाचे स्क्रू बघा, एखादा गायब असेल किंवा डोकं झिजलेलं असेल तर आत कोणीतरी हात घातलेला आहे, काय केलं ते विचारा. हिंजजवळ गोंदाचा पांढरा डाग शोधा. मग काउंटरच्या काचेवर ठेवून चारही कोपरे एकेक करून दाबा. डुगडुगला तर किंमत कितीही उतरवून दिली तरी खालचं कव्हर तुमच्यासमोर उघडून बॅटरी दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.